दोन चौकटींमधली रेघ

शाळेत शिकवला जाणारा बहुतेक आशय पुस्तकात ओळीमागून ओळ अशा क्रमाने येतो. परंतु त्या आशयातील वस्तू, घटना आणि कल्पना यांचे परस्परसंबंध एका ओळीत मावणारे नसतात. नदीला उपनद्या असतात, एका घटनेमागे अनेक कारणे असतात, दोन राजवटींमध्ये साम्य असते तसेच भेदही असतात, आणि हे सारे संबंध वाक्यांच्या रांगेतून शोधून काढण्याचे काम विद्यार्थ्याला मनातल्या मनात, बहुधा कोणाच्याही मदतीविना करावे लागते. हेच काम कागदावर, फळ्यावर किंवा जमिनीवर खडूने मांडून करण्याच्या ज्या रीती शिक्षणशास्त्राने गेल्या काही दशकांत विकसित केल्या, त्यांना दृश्य विचारसाधने म्हटले जाते. संकल्पनाचित्र, ओघतक्ता, कालरेषा, वेन आकृती ही त्यांतली नावे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकांमुळे आणि दहावीच्या कृतिपत्रिकांमुळे परिचित आहेत. मात्र नाव परिचित असणे आणि साधन हाती असणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर किती आहे आणि कसे कमी करता येईल, हे पाहण्यासाठी बुलढाणा जिल्ह्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल, कारण येथील नद्या, विवर आणि इतिहास हे मुळातच आकृती काढल्याशिवाय नीट न उमगणारे विषय आहेत.

या साधनांपैकी संकल्पनाचित्राचा इतिहास सर्वांत बोधप्रद आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ते प्रथम वापरात आणले. लहान मुलांच्या विज्ञानविषयक कल्पना वर्षानुवर्षे कशा बदलत जातात याचा दीर्घ अभ्यास ते करीत होते, आणि मुलाखतींची पानेच्या पाने साठल्यावर नेमका बदल कोठे झाला हे त्यांतून दिसेनासे झाले. तेव्हा मुलाने सांगितलेली प्रत्येक संकल्पना चौकटीत लिहायची, ती दुसऱ्या संकल्पनेशी रेघेने जोडायची आणि त्या रेघेवर दोहोंचा संबंध सांगणारे शब्द लिहायचे, अशी रीत त्यांनी काढली. तिच्यामागे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा सिद्धांत होता. नवे ज्ञान विद्यार्थ्याच्या आधीच्या ज्ञानाशी अर्थपूर्ण रीतीने जोडले गेले तरच ते टिकते, एरवी ती घोकंपट्टी ठरते, असे त्याचे सार सांगता येईल. म्हणजे संकल्पनाचित्र हे मुळात सजावटीसाठी किंवा उजळणीसाठी जन्मलेले नाही. मुलाच्या डोक्यात काय चालले आहे हे मोठ्यांना दिसावे यासाठी ते जन्मले.

त्याचे सारे सामर्थ्य रेघेवरच्या शब्दांत आहे, आणि नेमका तोच भाग आपल्या वर्गांत सर्वाधिक गाळला जातो. टोनी बुझान यांनी १९७४ पासून लोकप्रिय केलेल्या माइंड मॅपमध्ये मध्यभागी विषय लिहून त्याच्या भोवती फांद्या काढल्या जातात. कल्पना सुचण्यासाठी किंवा टिपणे काढण्यासाठी ती रीत उपयोगी असली, तरी तिच्यात एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीजवळ आहे एवढेच कळते, ती तेथे का आहे हे कळत नाही. ‘बाष्पीभवन’ आणि ‘क्षार’ या दोन चौकटी नुसत्या रेघेने जोडणाऱ्या विद्यार्थ्याला संबंध समजला आहे की नाही हे सांगता येत नाही. त्याच रेघेवर ‘झाल्यावर पाण्यात मागे राहतात’ असे लिहिणाऱ्याला तो समजला आहे, आणि ‘मुळे उडून जातात’ असे लिहिणाऱ्याची चूक शिक्षकाला त्याच क्षणी पकडता येते.

आता जिल्ह्याकडे वळता येईल. बुलढाण्याचे तेरा तालुके तेथील लोक बोलताना घाटावरचे आणि घाटाखालचे अशा दोन भागांत सहज विभागतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेने केलेली ही विभागणी एवढी स्पष्ट आहे की चौथी-पाचवीच्या मुलालाही ती अनुभवाने माहीत असते. परंतु भूगोलाच्या दृष्टीने तिचा जो खरा अर्थ आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घाटाखालचे पाणी पूर्णा नदीला मिळते. ही पूर्णा सातपुड्यात, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात उगम पावून चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. घाटावर बुलढाणा शहराजवळ उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेकडे वाहत जाऊन वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. एकाच पावसाचे पाणी एका डोंगररांगेच्या दोन उतारांवर पडून भारताच्या दोन विरुद्ध किनाऱ्यांना पोहोचते, ही गोष्ट परिच्छेदात वाचणारा विद्यार्थी नावांच्या गर्दीत हरवतो. तीच त्याने वृक्षाकृतीत मांडली, म्हणजे प्रत्येक लहान नदी मोठ्या नदीला आणि मोठी नदी समुद्राला जोडली, तर दोन स्वतंत्र झाडे उभी राहतात आणि त्यांच्या मधली मोकळी पट्टी म्हणजेच जलविभाजक हे वेगळे सांगावे लागत नाही.

येथे आणखी एक अडचण आहे, जी जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हमखास चकवते. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि लोणार या भागांतून वाहणाऱ्या खडकपूर्णा नदीलाही पुढे पूर्णाच म्हणतात. पण ही पूर्णा तापीची नव्हे, ती मराठवाड्यातून जाऊन गोदावरीला मिळते. दोन नद्यांचे एकच नाव असल्यामुळे होणारा गोंधळ कितीही वेळा समजावून सांगितला तरी परीक्षेच्या दिवशी परत येतो. वृक्षाकृतीत मात्र एक पूर्णा तापीच्या झाडावर आणि दुसरी गोदावरीच्या झाडावर बसते, आणि ज्याने स्वतःच्या हाताने दोन ठिकाणी तेच नाव लिहिले, त्याला दोन वेगळ्या नद्यांची जाणीव करून देण्याची गरज उरत नाही. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा आणि मन या नद्यांना कोणत्या झाडावर जागा द्यायची, हा प्रश्न वर्गापुढे ठेवला तर नकाशा पुन्हा उघडावा लागतो, आणि नकाशा प्रश्न घेऊन उघडणे ही भूगोल शिकण्याची खरी सुरुवात आहे.

या दोन्ही झाडांवर न बसणारे एक पाणी जिल्ह्यात आहे, ते लोणारचे. येथे दृश्य साधनांचे महत्त्व सर्वांत स्पष्ट होते, कारण लोणारचे सरोवर भूगोल, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इतिहास यांपैकी कोणत्याही एका विषयाच्या तासात पुरे होत नाही. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर जगात दुर्मीळ आहे आणि चंद्र व मंगळ यांवरील विवरांशी त्याची तुलना केली जाते. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली; पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख आहे की आघाताने झालेला खड्डा, असा वाद होता आणि १९७०च्या दशकात खोदकामातून मिळालेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड दाबामुळे काचेसारखे झालेले खनिज, सापडल्यावर उल्कापाताच्या मताला निर्णायक पुरावा मिळाला. विवराच्या वयाबद्दलही वेगवेगळ्या पद्धतींनी सुमारे ५० हजार वर्षे आणि सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे अशी फार अंतर असलेली अनुमाने निघाली आहेत. पाठ्यपुस्तक अशा ठिकाणी एक आकडा देऊन मोकळे होते. संकल्पनाचित्रात मात्र ‘वय’ या चौकटीतून दोन रेघा काढता येतात आणि प्रत्येकीवर ते अनुमान कशाच्या आधारे केले हे लिहिता येते. विज्ञानातील मत पुराव्यावर उभे असते हे मुलांना सांगण्यापेक्षा पुराव्यासाठी चौकट राखून ठेवणे अधिक परिणामकारक आहे.

लोणारच्या पाण्याला बाहेर पडण्याचा मार्ग नाही, म्हणून ते केवळ बाष्पीभवनाने कमी होते. बाष्पीभवनात पाणी जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणून पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे, म्हणजे त्याचा सामू १० च्या आसपास असतो. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे आढळले. त्या वेळी उन्हाळ्यात पाण्याची पातळी घटली होती, क्षारता वाढली होती, तिच्यात हे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या शरीरातील रंगद्रव्याने पाणी रंगले. ही साखळी ओघतक्त्याने, म्हणजे एका पायरीतून दुसरी पायरी दाखवणाऱ्या बाणांच्या मांडणीने, अतिशय सुबकपणे दाखवता येते. आणि नदीच्या वृक्षाकृतीत लोणारला जागा का मिळाली नाही, या भूगोलाच्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राच्या ओघतक्त्याची पहिली चौकट होते. दोन विषयांच्या वह्यांमधील दोन आकृत्या अशा जोडल्या जाणे हा या साधनांचा सर्वांत मोठा लाभ मानला पाहिजे. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. तोही याच चित्रात आणखी एका रेघेने येऊ शकतो.

इतिहासासाठी कालरेषा हे साधन आहे, परंतु वर्गांत बहुतेकदा जी काढली जाते ती कालरेषा नसून सनांची यादी असते. कालरेषेचा प्राण प्रमाणात आहे: इंग्लंडमधील विद्वान जोसेफ प्रिस्टली यांनी १७६५ मध्ये थोर व्यक्तींच्या आयुष्यांचा जो तक्ता प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक आयुष्याची लांबी प्रमाणशीर रेघेने दाखवली होती. सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान. १२ जानेवारी १५९८ हा त्यांचा जन्मदिवस मानला जातो. एका वर्षाला एक सेंटिमीटर या प्रमाणाने रेघ ओढली तर पहिले ३१ सेंटिमीटर ओलांडल्यावर, जुलै १६२९ मध्ये, दौलताबादला निजामशहाच्या दरबारात त्यांचे वडील लखुजी जाधव आणि भाऊ यांची हत्या झाल्याची खूण येते, आणि त्यापुढे सहा मिलिमीटरांच्या आतच १९ फेब्रुवारी १६३० या शिवजन्माच्या तारखेची खूण करावी लागते. लगेच त्याला लागून १६३० ते १६३२ चा दख्खनचा भीषण दुष्काळ सुरू होतो. माहेरच्या माणसांची हत्या आणि शिवनेरीवरील जन्म या बहुधा स्वतंत्रपणे सांगितल्या जाणाऱ्या घटना प्रत्यक्षात एकाच गर्भारपणाच्या काळातल्या आहेत, हे सनांच्या यादीतून बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रेघेच्या दुसऱ्या टोकाला ६ जून १६७४ चा राज्याभिषेक आणि १७ जून १६७४ रोजी पाचाड येथे झालेला जिजाबाईंचा मृत्यू या दोन खुणा पेन्सिलीच्या टोकाच्या जाडीत एकमेकींवर येतात. सिंदखेड राजाच्या शाळेतील मुलांनी ७६ सेंटिमीटरांची ही पट्टी स्वतः आखली, तर त्यांच्याच गावच्या इतिहासाचा जो अर्थ त्यांना लागेल तो कोणत्याही भाषणातून लागणार नाही.

कारणांचा शोध घेण्यासाठी जपानी अभियंते काओरू इशिकावा यांनी प्रचलित केलेली माशाच्या काट्याची आकृती वापरतात: डोक्याच्या जागी परिणाम लिहायचा आणि पाठीच्या कण्याला जोडलेल्या एकेका काट्यावर एकेक संभाव्य कारण. कारखान्यातील दोष शोधण्यासाठी जन्मलेली ही रीत विज्ञानाच्या तासाला किती उपयोगी आहे, हे शेगाव तालुक्यातील घटनेवरून दिसते. जानेवारी २०२५ मध्ये तेथील काही गावांत लोकांचे केस अचानक झपाट्याने गळू लागले, तेव्हा पाणी, बुरशीचा संसर्ग, धान्य अशा अनेक गोष्टींवर संशय घेतला गेला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीतून सेलेनियमचे जास्त आणि जस्ताचे कमी प्रमाण तसेच रेशनच्या गव्हाशी त्याचा संबंध असल्याचे मत पुढे आले. अशा प्रसंगी गावात अफवा आणि निष्कर्ष एकाच आवाजात बोलतात. विद्यार्थ्यांनी प्रत्येक काट्यावर संशयाचे कारण लिहून त्याखाली ‘कोणती तपासणी झाली, काय आढळले’ असे दोन उपकाटे जोडले, तर ज्या काट्याखाली काहीच लिहिता येत नाही तो केवळ तर्क आहे हे त्यांना आपोआप दिसेल. घाटाखालच्या पूर्णेकाठी असलेल्या खारपाणपट्ट्यातील, म्हणजे खारट भूजलाच्या पट्ट्यातील, पाण्याचा आणि आरोग्याचा प्रश्नही याच रीतीने अभ्यासता येण्याजोगा आहे.

भाषा आणि गणित या विषयांत ही साधने निराळ्या वेशात आधीपासूनच आहेत. विभक्तीचा तक्ता आणि समासांचे वर्गीकरण मराठी व्याकरणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. इयत्ता नववीच्या गणितात संचांबरोबर वेन आकृती येते. गणितात तिचा उपयोग पुढेही नेला पाहिजे: चौकोनांच्या मोठ्या मंडलात समांतरभुज चौकोनांचे, त्यात आयतांचे आणि समभुज चौकोनांचे अशी दोन छेदणारी मंडले काढून त्यांच्या सामाईक भागात चौरस लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक चौरस आयत असतो, हे पाठ करावे लागत नाही. भाषेसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ मध्ये तयार झालेला फ्रेयर चौरस उपयुक्त आहे. त्यात शब्दाचा अर्थ, त्याची लक्षणे, उदाहरणे आणि त्यासारखी वाटणारी पण त्यात न बसणारी उदाहरणे अशी चार घरे असतात आणि चौथे घर भरताना बहुतेकांची खरी परीक्षा होते.

ही साधने का चालतात याची उत्तरे मानसशास्त्रात आहेत. माणसाच्या कार्यकारी स्मृतीत, म्हणजे विचार करताना जी माहिती तात्पुरती धरून ठेवावी लागते तिच्या जागेत, फार थोड्या गोष्टी एका वेळी मावतात. आकृती त्यांतला काही भार कागदावर उतरवून घेते. ॲलन पैव्हिओ यांच्या १९७१ मधील मांडणीनुसार शब्द आणि प्रतिमा यांची स्मृतीत दोन परस्परपूरक रूपे होतात. मात्र यावरून काही मुले ‘डोळ्यांनी शिकणारी’ आणि काही ‘कानांनी शिकणारी’ असतात, असा जो निष्कर्ष प्रशिक्षणांत सर्रास सांगितला जातो, त्याला पुरेसा आधार नाही, असे हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाची छाननी करून दाखवले आहे. दृश्य साधने सर्वांसाठी आहेत. विशिष्ट मुलांना वेगळे काढून त्यांच्या हाती देण्याची ती गोष्ट नव्हे.

या साधनांची एक मर्यादा मात्र गंभीर आहे. २००६ मध्ये जॉन नेस्बिट आणि ओलुसोला अडेसोपे यांनी ५५ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण करून संकल्पनाचित्रांनी ज्ञान टिकण्यास मदत होते, असा निष्कर्ष काढला होता. परंतु २०११ मध्ये जेफ्री कार्पिक आणि जेनेल ब्लंट यांनी केलेल्या प्रयोगात, मजकूर समोर ठेवून संकल्पनाचित्र काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा मजकूर बाजूला ठेवून आठवेल ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आठवड्यानंतर अधिक चांगली कामगिरी केली. या निष्कर्षाने संकल्पनाचित्र निरुपयोगी ठरत नाही. पुस्तक उघडे ठेवून ते काढले तर हाताने नक्कल होते आणि डोक्याला काम उरत नाही, एवढेच त्यातून दिसते. त्यामुळे पुस्तक मिटवून आठवणीतून चित्र काढणे, मग पुस्तक उघडून ते वेगळ्या रंगाने दुरुस्त करणे, हा क्रम पाळला पाहिजे. दुरुस्तीचा रंग जेथे जास्त, तेथे शिकवण्याची गरज जास्त.

महाराष्ट्रात या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः ज्ञान रचावे असे मानणारे, वर्ग उभे राहिले, त्यांत वर्गाची जमीनच मुलांच्या मांडणीची जागा झाली, आणि २०१५ पासूनच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातील जिल्हा परिषद शिक्षकांनी ते पाहून आपापल्या शाळांत तसे प्रयत्न केले. त्यातून बोलक्या भिंती आणि रंगवलेल्या फरशा सर्वदूर पसरल्या. या श्रमांचे मोल कमी नाही. पण रंगाऱ्याने एकदा तैलरंगात काढलेले संकल्पनाचित्र म्हणजे दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेला विचार असतो, आणि जून महिन्यात त्याकडे पाहणाऱ्या मुलाच्या नजरेला ते जुलैपर्यंत दिसेनासे होते. खडूने काढून पुसता येणारी मोकळी काळी फरशी रंगीत फरशीपेक्षा अधिक कामाची आहे.

कृतिपत्रिकेबद्दलही असेच म्हणावे लागते. दहावीच्या भाषा विषयांत ‘आकृती पूर्ण करा’, ‘ओघतक्ता तयार करा’ आणि इतिहासात ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ अशा कृती आल्या, हे पाठांतरापासून दूर नेणारे पाऊल होते. परंतु चौकटी किती, त्या कशा जोडायच्या आणि मधोमध काय लिहायचे हे सारे छापूनच दिलेले असल्यामुळे विद्यार्थ्याकडे फक्त रिकाम्या जागा भरण्याचे काम उरते, आणि मार्गदर्शक पुस्तकांनी त्या भरलेल्या चौकटीही पाठ करण्यासाठी उपलब्ध करून दिल्या आहेत. विचाराचे साधन अशा रीतीने पुन्हा पाठांतराचे साधन झाले आहे. यावर उपाय कठीण नाही: चौकटींमधली रेघ कोरी ठेवून तिच्यावरचे शब्द विचारले आणि त्यांना गुण दिले, तर तयार उत्तरांचा उपयोग बराच कमी होईल.

बुलढाणा जिल्ह्यात या बदलाची गरज आणखी एका कारणाने आहे. येथील मुले घरी वऱ्हाडी बोलतात, मेहकर-लोणार भागातील अनेक तांड्यांवर बंजारा बोली बोलली जाते, सातपुड्याच्या पायथ्याला आदिवासी बोली आहेत आणि जिल्हा परिषदेच्या उर्दू माध्यमाच्या शाळाही मोठ्या संख्येने आहेत. प्रमाण मराठीत सलग परिच्छेद लिहिता न येणारे मूल लोणारच्या पाण्याची साखळी समजलेले असू शकते; बाणांच्या मांडणीत ती समज दिसते आणि मग तिला शब्द देता येतात. उर्दू शाळेतील ओघतक्ता उजवीकडून डावीकडे वाहील आणि तांड्यावरच्या मुलाच्या रेघेवर आधी त्याच्या घरचा शब्द येईल, यात बिघडणारे काही नाही. त्या शब्दाखाली मराठी शब्द लिहिणे हे शिक्षकाचे पुढचे काम आहे.

विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे पहिल्या पावसाचे पाणी वाहू लागलेले असते. जिल्ह्यातील शिक्षकांनी त्या पहिल्या आठवड्यात पुस्तक न उघडता मुलांना खडू द्यावा, आपल्या गावाच्या ओढ्याचे पाणी कोणत्या समुद्राला जाते हे जमिनीवर मांडायला सांगावे, आणि प्रत्येक रेघेवर काय लिहिले आहे ते शांतपणे वाचावे.